त्र्याहत्तर जाड पुस्तकं

आमच्या वाचनालयाला शंभर वर्षं झाली आणि त्याचा इतिहास लिहायचं काम कार्यकारिणीनं माझ्या गळ्यात मारलं. दुसरं कोण लिहिणार? कार्यकारिणीतल्या अकरा जणांपैकी नऊ जणांनी शेवटचं पुस्तक कधी उघडलं होतं ते त्यांच्या बायकांनाही सांगता यायचं नाही. मी सव्वीस वर्षं इथं ग्रंथपाल आहे. पुस्तकांना खळ लावते, पेपर काठीला अडकवते आणि उरलेल्या वेळात भांडते. शिवाजी पेठेत मला 'भांडखोर क्रांतीबाई' म्हणतात. ते खोटं नाही.

पण हा इतिहास मला लिहायचा नव्हता, आणि का नव्हता ते पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या इतिहासात एक पान माझ्या वडिलांचं होतं. वाचनालय जाळणाऱ्याचं.

आमची पहिली इमारत ही इमारत नव्हतीच. तालमीच्या मागच्या अंगाला एक खोली होती, १९२५ साली. पलीकडं पैलवान शड्डू ठोकायचे, अलीकडं चार म्हातारे पेपर वाचायचे. भिंत एकच. पलीकडं कुणी चीतपट झालं की अलीकडं पेपरावर चुना पडायचा. दुसरी इमारत १९३८ची, त्याच जागेला लागून, दुमजली, आणि जोत्याचा दगड सोडला तर सगळी लाकडाची. तिच्यापासून एक नियम सुरू झाला तो आजही आहे. पायताण बाहेरच्या पायरीवर काढायचं. कितीही मोठा पाहुणा आला तरी अनवाणी आत. त्यामुळे आत कोण बसलंय हे पायरीवरच्या पायताणांवरून कळायचं. आमचे लोक एकमेकांची पायताणं ओळखायचे.

ही दुसरी इमारत ९ मार्च १९८७ला दुपारी जळाली. सोमवार होता, म्हणजे सुट्टी. आत एकच माणूस होता, ग्रंथपाल गणपतराव. माझे वडील.

मी अकरा वर्षांची होते. आई मला हाताला धरून पळत होती आणि मध्येच तिनं हात सोडला, कारण मी तिच्याइतकी पळत नव्हते. चौकात पोचले तेव्हा वरचा मजला खालच्यावर बसला होता. तापलेल्या कौलांचे फटाफट तुकडे उडत होते, एक तुकडा माझ्यासमोर एका म्हाताऱ्याच्या गालात घुसला. मग तालमीच्या चार जणांनी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी आणून रस्त्यावर ठेवलं. आईनं टोक उचललं आणि लगेच सोडलं. त्यानंतर ती त्या रस्त्यावर जे ओरडली ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही सांगणार नाही. पायरीवर वडिलांचं पायताण होतं. आमच्या घरी तेवढंच परत आलं.

चौकशी झाली. वडील पुस्तकांना लेबलं चिकटवायला खळ शिजवायचे आणि त्यासाठी वाचनालयात एक स्टोव्ह होता. तो फुटलेला सापडला. आगीत सापडलेला स्टोव्ह फुटलेलाच असणार, पण एवढा विचार करायला कुणाला वेळ होता? 'ग्रंथपालांच्या निष्काळजीपणामुळे' असा ठराव झाला आणि विषय संपला. आमचा मात्र सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी हा माणूस आत करत काय होता, यावर पेठेनं हव्या त्या गोष्टी रचल्या. दाराला धोंडे बसले. आई नळावर गेली तेव्हा एका बाईनं तिच्या डोक्यात भरलेली कळशी घातली, कारण तिच्या मुलाची परीक्षेची पुस्तकं आत जळाली होती. चार टाके पडले. आईनं पुढं खानावळीत भाकऱ्या थापून मला शिकवलं, आणि वडिलांचा विषय निघाला की ती परातीत तोंड घालायची.

मी वडिलांवर चिडून मोठी झाले. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. एक साधा स्टोव्ह सांभाळता आला नाही या माणसाला, असं मी मनात हजारदा म्हटलं असेल. ग्रंथपालाचा कोर्स केला, इथंच नोकरी धरली, तीही त्यांचं पाप फेडायला.

आगीच्या गोष्टीत एक नायकही होता. तालमीचे वस्ताद हंबीरराव, तेव्हा बेचाळीस वर्षांचे. त्यांनी जळत्या इमारतीत उडी घेतली, खिडकीतून त्र्याहत्तर पुस्तकं बाहेर फेकली आणि गणपतरावांना ओढायला गेले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले. अशी गोष्ट. हात खरंच भाजलेले होते. अजूनही त्या कातडीकडं बघवत नाही. पुढं तेच अध्यक्ष झाले. तिसरी इमारत १९८९ची, सिमेंटची. खाली सहा दुकानगाळे, वर वाचनालय. जागेवर गाळे काढायचे हा विषय त्यांनी आगीआधीही दोनदा बैठकीत आणला होता आणि माझ्या वडिलांनी दोनदा हाणून पाडला होता, हे जुन्या इतिवृत्तात आहे. आगीनंतर विरोध करायला कुणी उरलं नाही.

ती त्र्याहत्तर पुस्तकं वाचनालयात काचेच्या कपाटात आहेत. प्रत्येकावर शिक्का, 'आगीतून वाचलेले'. दरवर्षी नऊ मार्चला कपाटाला हार घालतात. आता चौथी इमारत उभी राहते आहे आणि तिला हंबीररावांचं नाव द्यायचं ठरलं आहे. अध्यक्ष सध्या त्यांचा मुलगा धैर्यशील. कागलच्या एमआयडीसीत त्याचा कारखाना आहे, अंगावर पांढरे कपडे आणि मागं कायम दोन माणसं.

त्या पुस्तकांचं मला सुरुवातीपासून एक कोडं होतं. सगळी जाड. एक शब्दकोश, होमिओपॅथीचे दोन खंड, गुरांचे रोग, जमीन महसुलाचा कायदा, भरतकामाचं एक दोन किलोचं पुस्तक. वेगवेगळ्या कपाटांतली, वेगवेगळ्या मजल्यांवरची. पेटलेल्या घरात माणूस हाताला येईल ते उचलतो. यांनी काय जाडी बघून निवडली? पण नायकाला असले प्रश्न विचारायचे नसतात, आणि जाळणाऱ्याच्या मुलीनं तर नाहीच.

परवाच्या नऊ तारखेचा हार अजून कपाटावर वाळत होता, तेव्हा एका बुधवारी दुपारी धोंडुबाई जिना चढून वर आल्या. बाळासो बाइंडरची बायको. महिन्यापूर्वी बाळासो गेले होते. ऐंशीच्या पुढची बाई, धापा टाकत टेबलाशी बसली आणि लुगड्याच्या घडीतून जुन्या साडीत बांधलेलं एक बोचकं काढून माझ्यासमोर ठेवलं.

"बाई, ह्ये तुमचं हाय. ह्यास्नी जितेपणी द्यायचं धाडस झालं न्हाय. म्हणून मी आणलंय."

"काय आहे मावशी?"

"रजिस्टर. गणपतरावांनी बांधाय दिलतं. जळायच्या आदल्या दिशी."

ते देवघेव रजिस्टर होतं, म्हणजे कुणी कुठलं पुस्तक कधी नेलं त्याची नोंद. वडिलांचं अक्षर मी अडतीस वर्षांनी बघत होते. शेवटची पानं उघडली. १ मार्च ते ८ मार्च १९८७, आठ दिवसांत त्र्याहत्तर नवे सभासद. पत्ता सगळ्यांचा एकच, तालीम. काहींच्या सह्या, बऱ्याच जणांचे अंगठे. एका सभासदाला एक पुस्तक हा आमचा नियम. वडिलांनी तो स्वतःच्या बापासाठीही मोडला नसता. म्हणून त्र्याहत्तर माणसं, त्र्याहत्तर पुस्तकं. पहिलं नाव हंबीररावांचं, झोकदार सहीनं. त्यांनी शब्दकोश नेला होता. खाली होमिओपॅथी. गुरांचे रोग. भरतकामाचं पुस्तक एका पैलवानानं अंगठा उठवून नेलं होतं.

मी काचेचं कपाट उघडलं आणि नंबर ताडून बघितले. एकही चुकला नाही. जी पुस्तकं सोमवारी आगीतून वाचली म्हणून आम्ही हार घालत होतो, ती रविवार संध्याकाळपर्यंतच तालमीत पोचली होती.

रजिस्टरात एक चिठ्ठी होती. तीही वडिलांचीच, बाळासोंना लिहिलेली.

'बाळासो, रजिस्टर भरलं. शिवण सुटली आहे ती घाल आणि नवीन एक बांधून ठेव. आठवड्यात त्र्याहत्तर सभासद झाले, सगळे तालमीतले. सोमवारी सुट्टी असली तरी दुपारी मी वाचनालयातच असेन, तिथं आणून दे. नव्या सभासदांची कार्डं लिहायची आहेत. घरी लिहायला बसलो की क्रांती शाई सांडते. पहिलं कार्ड हंबीररावांचं लिहिणार. माझ्यानं वीस वर्षांत जे झालं नाही ते त्यांनी आठ दिवसांत केलं.'

मी चिठ्ठी तीन वेळा वाचली. स्टोव्ह नाही, निष्काळजीपणा नाही. माझे वडील आनंदानं आत बसले होते. पैलवानांना वाचनाचं वेड लागलं, या आनंदात. आणि घरी बसले नाहीत कारण मी शाई सांडायचे.

"मावशी, बाळासोंना अजून काय माहीत होतं?"

"समदंच की. सोमवारी ह्येच रजिस्टर द्याय गेलतं. तालमीच्या बोळात हंबीरराव आन अजून एकजण राकेलचा डबा घिऊन मागल्या दारानं शिरताना बघितलं. तसंच पळत घरला आलं. सांजच्याला तालमीतला एक माणूस दारात. म्हणला, बाळासो, बाइंडिंगचं काम दोन हातानंच करतोस न्हवं?"

"अडतीस वर्षं!" मी ओरडले. "अडतीस वर्षं माझी आई रोज शेजारून जात होती तुमच्या!"

हाताशी खळीचा वाडगा होता. तो मी भिंतीवर फेकला. हंबीररावांच्या फोटोखाली खळीचे ओघळ आले. धोंडुबाई जागची हलली नाही.

"मार की मला," ती म्हणाली. "मार खाईनच म्हणून आलेय."

मी तिला मारलं नाही. पाणी दिलं.

पुढच्या दोन दिवसांत मी वाचनालयाचा इतिहास लिहून काढला. सगळा, खरा, रजिस्टरच्या पानांसह. पानांचे झेरॉक्स काढले, एक संच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आणि शुक्रवारी हा मजकूर शताब्दीच्या स्मरणिकेसाठी छापखान्यात दिला. कुणीही म्हणेल, आधी पोलिसात जायचं. मला आधी एक गोष्ट करायची होती, आणि ती शहाणपणाची नव्हती. हंबीररावांना त्यांची सही दाखवायची होती.

आमच्याकडं म्हाताऱ्या सभासदांना शनिवारी घरपोच पुस्तकं देतात. शिपाई कृष्णात सायकलला पिशवी अडकवून जातो. हंबीररावांचं नाव त्या यादीत आहे. ऐंशी वर्षांचे झाले तरी त्यांचं वाचन सुटलेलं नाही, एवढं मान्य करायला हवं. त्या शनिवारी मी मूळ रजिस्टर खाकी कागदात गुंडाळलं, त्यांच्या नावावर रीतसर इश्यू केलं आणि पिशवीत घातलं. चिठ्ठी मात्र दिली नाही. ती माझ्या चष्म्याच्या घरात होती.

सोमवारी सुट्टी होती. तरीही मी आले होते, कृष्णातही आला होता. नव्या इमारतीत न्यायची पुस्तकं बांधायची होती. दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यावर बुटांचा आवाज आला. आमच्या जिन्यावर बुटांचा आवाज येत नाही. मी मान वर केली तर धैर्यशील आणि त्याची दोन माणसं, तिघंही पायताणासकट आत.

"छापखान्यातनं फोन आलता," तो म्हणाला. "काय लिवलंय ह्ये? माझ्या बापाला खुनी ठरवताय व्हय?"

"मी काही ठरवलं नाही. नोंद आहे ती लिहिली."

"रजिस्टर कुठाय?"

"इश्यू झालंय."

"कुणाला?"

"सभासदानं काय नेलं ते दुसऱ्याला सांगत नाही आम्ही."

हे मी खरंच म्हटलं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण सव्वीस वर्षांची जीभ, ती बोलून गेली.

कृष्णात मध्ये आला. "साहेब, बाईमाणूस हाय, जरा दमानं..." एवढंच म्हणाला असेल. त्यातल्या एकानं पेपर अडकवायची सागवानी काठी ओढली आणि कृष्णातच्या डोक्यात घातली. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. कृष्णात गुडघ्यावर बसला, मग त्याच्या कानामागून रक्त आलं आणि त्या दिवशीच्या पेपरवर ठिबकायला लागलं. काठी दुसऱ्यांदा त्याच्या खांद्यावर बसली, तिसऱ्यांदा पाठीवर. तो ओरडत नव्हता, नुसता श्वास सोडत होता.

मग त्यांनी कपाटं पाडायला सुरुवात केली. बालविभागाचं पडलं, कथा-कादंबऱ्यांचं पडलं. काचेच्या कपाटाला हात लावताना मात्र ते थबकले, कारण त्यावर त्यांच्याच साहेबाच्या बापाच्या नावाची पाटी होती. मला त्या अवस्थेतही हसू आलं. ते धैर्यशीलनं बघितलं.

त्यानं माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि लोखंडी कपाटाच्या दाराच्या फटीत ठेवला. दार दुसऱ्या माणसानं धरलं होतं.

"झेरॉक्स काढलं आसशील, म्हाईत हाय. झेरॉक्सला कोर्टात कुत्रं विचारत न्हाय. आस्सल कुठाय?"

"तुझ्या बापाला विचार," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी शिवी दिली. त्यानं मान हलवली आणि दार लागलं.

ते मी कसं सांगू? आधी दुखलं नाही. आधी फक्त दिसलं, की मधलं बोट आणि करंगळीच्या शेजारचं बोट भलत्याच दिशेला आहेत. मग कळ मेंदूपर्यंत पोचली आणि मी जमिनीवर बसले. तोंडातून जो आवाज आला तो मी ओळखला. आईचा होता, त्या रस्त्यावरचा.

"अजून आठ हायती," धैर्यशील म्हणाला. "कुठाय?"

"माझ्याकडं हाय."

जिन्याच्या तोंडाशी हंबीरराव उभे होते. धोतर, अंगात बंडी, पाय अनवाणी. एवढ्या घाईतही पायताण त्यांनी खाली पायरीवर काढलं होतं. काखेत खाकी कागदातलं रजिस्टर. डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, भिंग लावून वाचायला त्यांना दोन दिवस लागले होते.

"आबा, तुम्ही घरला जावा," धैर्यशील म्हणाला. "ह्ये मी बघतो."

हंबीररावांनी आधी कृष्णातकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, मग मुलाच्या पायांतल्या बुटांकडं. पुढं आले. ऐंशी वर्षांचा म्हातारा, पण हात पैलवानाचाच. तळहाताची एक अशी लगावली की धैर्यशील पडलेल्या कपाटावर आदळला. त्यानं तोंडाला हात लावला, हातात दात आला. दुसरी बसली तेव्हा नाकातून रक्ताची धार पांढऱ्या शर्टावर आली. त्याची दोन माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. वस्तादावर हात उचलायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

"आबा, तुमच्यासाठीच करतोय न्हवं मी!" तो रडवेला होऊन ओरडला.

"म्हाईत हाय. मी बी तालमीसाठीच केलतं."

ते बाकावर बसले. रजिस्टर मांडीवर घेतलं. माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"पोरी, म्या जाळलं. गाळं काढायचं हुतं आन तुझा बा ऐकंना. पर पुस्तकं जाळायची म्हटलं की माझं मन हुईना. ह्या जागंतच वाचाय शिकलो मी. समदी न्यावी तर गणपतरावाला वास आला आसता. म्हणून पोरास्नी सभासद केलं, एकेक न्या म्हटलं. पोरास्नी काय कळतंय, जाड बघून आणा म्हटलं. वस्तादाचा शब्द म्हणून मागनं बी कुणी तोंड उघडलं न्हाय. सोमवार धरला, कोण नसंल म्हणून. मागनं गेलतो. म्होरनं गेलो आसतो तर पायरीवर त्येचं पायताण दिसलं आसतं गं."

कृष्णातच्या डोक्याचं रक्त थेंब थेंब पडत होतं.

"माडीवरनं वरडला तवा कळलं. शिरलो. पोचलो बी त्येच्यापतूर. हात धरला. पर त्येच्या मुठीत कायतरी गच्च धरलेलं, सोडंना. म्हटलं सोड, दोनी हात दे, तरी सोडंना. वढलं तर कातडंच आलं माझ्या हातात. मग वरचं लाकडाचं बहाल पडलं." त्यांनी स्वतःचे भाजून गुळगुळीत झालेले हात पालथे केले. "किल्ल्या आसतील म्हटलं. अडतीस वर्सं म्हणतोय, किल्ल्यांपायी मेलास व्हय लेका? आन सुट्टीच्या दिशी कशाला आल्तास? ह्यात ते लिवलेलं न्हाय. तुला म्हाईत हाय का?"

मी डाव्या हातानं चष्म्याचं घर उघडलं. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी भिंग काढलं आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. शाई सांडण्याच्या ओळीवर ते थांबले नाहीत, मी थांबले. 'पहिलं कार्ड हंबीररावांचं लिहिणार' या ओळीवर ते थांबले. परत वाचली. मग भिंग खाली पडलं.

"कार्डं हुती ती," ते म्हणाले.

आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "माझं कार्ड हुतं त्येच्या मुठीत."

मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि टेबलाच्या कडेवर आपटले. परत आपटले. पातळ झालेली ती कातडी लगेच फाटली. धैर्यशील "आबा, आबा" करत धावला तर त्याला कोपरानं ढकलून दिलं आणि आपटतच राहिले, जणू त्या हातांचा काही एक जबाब त्यांना हवा होता. फुटक्या डोक्याच्या कृष्णातनं शेवटी त्यांना मागून मिठी मारून धरलं. मी धरलं नाही. मला धरावंसं वाटलं नाही, आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

पोलिसांना फोन त्यांनीच लावायला सांगितला. धैर्यशील मोबाइल खिशातून काढेना, तेव्हा कृष्णातनं लावला. पोलीस येईपर्यंत हंबीरराव बाकावर बसून होते आणि जिन्यातून बुटासकट वर आलेल्या पहिल्या शिपायाला म्हणाले, "पायताण खाली काढ, पावणं. वाचनालय हाय ह्ये." शिपाई खरंच खाली जाऊन बूट काढून आला.

कृष्णातला सतरा टाके पडले. माझी दोन बोटं आता वाकत नाहीत. नव्या इमारतीवर नाव घालायचं थांबलं आहे, आणि कार्यकारिणीतल्या ज्या नऊ जणांनी वाचनालयातलं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, ते आता रोज येऊन काचेच्या कपाटापुढं उभे राहतात.

कपाटावरचा हार मी काढला. पुस्तकं एकेक करून टेबलावर घेतली. 'आगीतून वाचलेले' या शिक्क्यावर काट मारून खाली लिहिलं, 'आगीआधी नेलेले'. उजव्या हातानं जमत नव्हतं, डाव्या हातानं लिहिलं, त्र्याहत्तर वेळा. अक्षर पहिलीतल्या पोराचं असावं तसं आलंय. दोनदा शाईही सांडली.

मग स्मरणिकेचं ते पान घेतलं. छापखान्यानं आता मुकाट्यानं छापायचं कबूल केलं आहे. आधी मी तिथं रागानं दीड पान लिहिलं होतं, हंबीररावांबद्दल, ठरावाबद्दल, नळावरच्या कळशीबद्दल. ते सगळं पुढच्या पानावर ढकललं. या पानावर वरती वडिलांचं नाव घातलं आणि खाली दोनच वाक्यं ठेवली.

'ग्रंथपाल गणपतराव यांनी वाचनालय जाळलं नाही. ते त्या दिवशी नव्या वाचकांची कार्डं लिहीत होते.'